दीड फुटाचा इतिहास

१७९० साली पुण्यात पेशवे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. त्या दरबाराचे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पुरे केलेले मोठे तैलचित्र प्रसिद्ध आहे. चित्रकार जेम्स वेल्सने पुण्यात राहून केलेल्या रेखाटनांवर ते आधारलेले. पेशवे सवाई माधवराव गादीवर, जवळ नाना फडणीस, आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट व त्याचे गोरे सोबतीही खालच्या बैठकीवरच. खुर्चीला त्या दरबारात जागा नाही. गोव्यात पोर्तुगीजांमुळे शिसवी खुर्च्या त्याच्या कितीतरी आधी आल्या होत्या, पण घाटावरच्या मराठी मुलखात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत राजापासून रयतेपर्यंत सगळ्यांचे बूड जमिनीपासून चार-सहा बोटांच्या आतच टेकत असे; फरक काय तो गादीच्या जाडीचा. आज मुंबई-पुण्याच्याच नव्हे, तालुक्याच्या गावातल्या नव्या घरातही खुर्ची, कमोड, पलंग आणि सोफा या चारही गोष्टींची बैठक जमिनीपासून साधारण चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरवर असते, म्हणजे सुमारे दीड फूट. या दीड फुटाचा इतिहास सहसा सुधारणेचा किंवा साहेबी अनुकरणाचा म्हणून सांगितला जातो. तो म्हातारपणी तोल जाण्याचा इतिहासही आहे, आणि आपण त्याकडे त्या अंगाने फारसे पाहिलेले नाही.

जुन्या घरातला दिवस उठबशीने भरलेला होता, हे आधी नीट डोळ्यांसमोर आणले पाहिजे. सकाळी अंथरुणाची वळकटी करायची, म्हणजे ओणवे व्हायचे. परसाकडे गेले की उकिडवे बसायचे. चूल जमिनीवर, पुढे शेगडी आणि वातीचा स्टोव्ह आला तोही जमिनीवर. भाजी चिरायची ती विळीवर: एक गुडघा उभा, दुसरा पाय विळीच्या पाटावर दाबलेला, आणि अंगाचा भार थोडा पुढे. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, सगळे खालीच. जेवण पाटावर, आणि पंगत असली की वाढणारी बाई हातात आमटीचे भांडे घेऊन दोन ओळींच्या मधून कमरेत वाकत, पदर सावरत, कुणाच्या पानावर पाय पडू न देता सरकत राहायची. पाटावरून उठण्याची कृती साधी वाटते, पण तिच्यात बरेच काही घडते. मांडी सुटते, एक पाऊल जमिनीवर रोवले जाते, धड पुढे येते, घोटा पुरता वाकतो, मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू सगळे वजन उचलतात, आणि मध्ये एक क्षण असा येतो की शरीर जवळजवळ एकाच पायावर पेललेले असते. डोळे, आतला कान, आणि तळव्यांतून व सांध्यांतून मेंदूकडे जाणारी खबर या तिघांच्या मेळातून तोल सांभाळला जातो, आणि या उठण्यात तिघांनाही काम पडते. घरातली सत्तरीची आजी हे दिवसातून वीस-पंचवीसदा सहज करत असावी. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हते, म्हणून कुणी तो चुकवतही नव्हते.

ही उठबस एका दिवसात संपली नाही, आणि ती संपवायची असे कुणी ठरवलेही नाही. सुरुवात घराबाहेर झाली: कचेरी, कोर्ट, कॉलेज, मुंबईचे इराणी हॉटेल. विसाव्या शतकात किर्लोस्करवाडीत नांगर आणि चरक बनवणारा कारखाना लोखंडी फर्निचरही बनवू लागला. तरी बरीच वर्षे खुर्ची माजघरात शिरली नाही. ती पाहुण्यांसाठी ओसरीवर किंवा दिवाणखान्यात असे, आणि घरचे लोक आत जाऊन पाटावर जेवत. आतली खरी उलथापालथ माझ्या मते गॅसने केली. १९५५ च्या सुमारास बर्मा शेलने मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलिंडरमधला गॅस आणला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवली पाहिजे हा सुरक्षिततेचा नियम, म्हणून ओटा हवा. आणि ओटा आला की रांधणारी बाई उभी राहिली. ती उभी राहिल्यावर विळीची जागा सुरीने घेतली, मिक्सर आल्यावर पाटा-वरवंटा उभा करून भिंतीला टेकवला गेला, आणि वाढणारी उभीच आहे तर जेवणारे तरी खाली कशाला, म्हणून टेबल आले. १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातले कित्येक वाडे पडले आणि पेठांतली कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत ‘ब्लॉक’ ही मध्यमवर्गाच्या घराची कल्पना झाली. त्यातला संडास बराच काळ ‘इंडियन’ होता. आधी एक इंडियन आणि एक वेस्टर्न अशी तडजोड झाली, आणि आता नव्या इमारतीत इंडियन मागितला तर बिल्डरचा माणूस चमकून बघतो. शेवटी पलंगाने वळकटीची सुट्टी केली. यातल्या एकेका बदलाला त्या त्या वेळी चांगले कारण होते. पण बेरीज अशी झाली की साठीच्या माणसाला सकाळपासून रात्रीपर्यंत दीड फुटाच्या खाली जाण्याचे एकही निमित्त उरले नाही.

जमीनही त्याच काळात बदलली. शेणाने सारवलेली भुई पायाला पकड देई आणि पडणाऱ्याला थोडी माफही करी. शहाबादी फरशी कठीण, पण खरबरीत. १९२२ साली सिधवा यांनी सुरू केलेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांतून सिमेंटच्या रंगीत लाद्या घरोघर गेल्या, मग मोझॅक आले, आणि १९९० नंतर आरशासारखी चकाकणारी व्हिट्रिफाइड टाइल. ही शेवटची कोरडी असताना ठीक; ओल्या पायाने न्हाणीतून बाहेर येणाऱ्याला ती दगा देते. म्हणजे एकीकडे पायांचा सराव सुटला आणि दुसरीकडे पायाखालचा आधार गुळगुळीत झाला.

म्हातारे माणूस पडते ही गोष्ट वैद्यकाने फार उशिरा मनावर घेतली. ‘पाय घसरल्याचे निमित्त झाले आणि अंथरूण धरले’ हे आपल्याकडचे वाक्य जगभर वेगवेगळ्या भाषांत म्हटले जात होते, आणि त्यात ‘निमित्त’ हा नशिबाचा भाग मानला जाई. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉक्टर जोसेफ शेल्डन यांनी १९६० मध्ये २०२ वृद्धांच्या ५०० पडण्यांचा हिशोब मांडला. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश पडण्यांनाच ठेच, जिना, अंधार असा बाहेरचा अपघात म्हणता येत होता. उरलेल्यांत माणसाचे शरीरच तोल सावरायला कमी पडलेले दिसे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेत मेरी टिनेटी यांनी घरीच राहणाऱ्या, पंच्याहत्तर वर्षांवरच्या ३३६ जणांवर वर्षभर लक्ष ठेवले. जवळजवळ एक तृतीयांश त्या वर्षात पडले, आणि धोका वाढवणाऱ्या गोष्टींत झोपेची औषधे, पायांची दुर्बलता, तोल व चाल यांतले दोष अशी ओळखता येण्याजोगी कारणे निघाली. ओळखता येते ते बदलताही येते, हा विचार तिथून बळावला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने आज जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठीवरच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

मग उपाय काय निघाले ते पाहिले, की या लेखाचा मुद्दा उघड होतो. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी ऐंशी व त्याहून अधिक वयाच्या २३३ स्त्रियांवर केलेला प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. घोट्याला वजन बांधून पाय उचलणे, गुडघे थोडे वाकवून पुन्हा सरळ होणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून चालणे, एका पायावर उभे राहणे, एवढेच. वर्षभरात पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्याच्या वर्षभर आधी, १९९६ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अटलांटात सत्तरीवरच्यांना पंधरा आठवडे चिनी ताई-ची शिकवण्यात आली होती. गुडघे वाकवून, भार संथपणे एका पायावरून दुसऱ्यावर नेणे हा तिचा गाभा. वारंवार पडण्याचा धोका तिने जवळजवळ निम्म्यावर आणला. २०१९ मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा १०८ प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटते असे निघाले, आणि त्यात तोलाच्या व रोजच्या हालचालींच्या व्यायामाचा पुरावा सर्वांत भक्कम ठरला. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते असे मात्र त्या आढाव्याला खात्रीने म्हणता आले नाही. सकाळी बागेत चार फेऱ्या मारून कट्ट्यावर बसणाऱ्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावे. चालणे हृदयाला चांगले, मधुमेहाला चांगले, गप्पांना तर फारच चांगले; पण सपाट पदपथावर सरळ चालताना तोलाची परीक्षा होत नाही. जपानी अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये हालचालीच्या ऱ्हासाला स्वतंत्र नाव दिले. पुढे त्यासाठी जी चाचणी रूढ झाली तिच्यात माणसाला चाळीस, तीस, वीस आणि शेवटी दहा सेंटिमीटर उंचीच्या बाकावरून उठायला सांगतात, आधी दोन पायांवर आणि मग एका. हा दहा सेंटिमीटरचा बाक आपल्या पाटाचाच भाऊबंद म्हणायचा. हे सगळे कार्यक्रम मोजूनमापून जे परत देतात ते घराने एकेकाळी फुकट, न विचारता करवून घेतले होते.

यावर लगेच म्हटले जाईल की जुने घर म्हणजे काही तोल सांभाळण्याची शाळा नव्हती. तिथे पडायचीच सोय जास्त. हे खरे आहे. वाड्याचा जिना भिंतीत कोंबलेला, उभा चढाचा, पायऱ्या अरुंद, धरायला वरून सोडलेला दोर. उंबरठे उंच, माजघर अंधारे, परसात विहिरीभोवती शेवाळ, आणि रात्री बाहेर जायचे तर हातात कंदील. शेल्डनच्या हिशोबातही जिना हे मोठे कारण होते. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत: घर किती धोक्याचे आणि त्या घरात राहणारा किती तयारीचा. आपण धोका कमी केला, वीज आणली, लिफ्ट आणली, उंबरठा काढून टाकला, हे उत्तम केले. त्याच हाताने तयारीही काढून घेतली, आणि हा व्यवहार लक्षात आला नाही. शिवाय धोका गेला असे समजण्यातही घाई आहे. ओली टाइल, सरकणारे पायपुसणे आणि चार्जरची वायर ही नवी ठिकाणे आहेत.

दुसरे म्हणणे असे की त्या काळी माणसे म्हातारी होईपर्यंत जगतच कुठे होती? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मवेळची सरासरी आयुर्मर्यादा बत्तीस वर्षांच्या आसपास होती. पण ही सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली आहे. साठी गाठलेला माणूस त्यापुढे दहाएक वर्षे जगे, म्हणजे म्हातारे होते, थोडे होते इतकेच. त्या म्हाताऱ्यांपैकी किती पडत आणि किती खुबा मोडून अंथरुणात गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही, त्यामुळे ‘पूर्वी कुणी पडत नसे’ हे गोड वाक्य मी मुळीच लिहिणार नाही. जो निष्कर्ष काढता येतो तो नोंदींवरून नाही, शरीराच्या यंत्रणेवरून आणि आजच्या प्रयोगांवरून निघतो. जपानचे उदाहरण लोक हटकून देतात: जपानी स्त्रियांची हाडे अमेरिकन गोऱ्या स्त्रियांपेक्षा दाट नसतानाही खुबा मोडण्याचे प्रमाण त्यांच्यात बरेच कमी, आणि १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत जपानमधले व हवाईतले जपानी वृद्ध मुळात पडतातच कमी असे दिसले. खुब्याच्या हाडाची ठेवण वेगळी म्हणून ते मोडत नसेल, हे स्पष्टीकरण मोडण्याला लागू पडते. कमी पडण्याला लागू पडत नाही. तरीही सगळे श्रेय चटईवर बसण्याला देणे ओढूनताणून होईल. आहार, चालणे, देहयष्टी यांतले कशाने किती, हे त्या आकड्यांतून सुटत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप गुडघ्यांचा आहे. बीजिंगमधल्या वृद्धांवरच्या मोठ्या अभ्यासात चिनी स्त्रियांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळली, आणि तरुणपणी दिवसातून अनेक तास उकिडवे बसलेल्यांत तिचा धोका वाढलेला दिसला. गंमत अशी की त्याच लोकांत खुब्याची झीज मात्र अमेरिकनांच्या मानाने फारच कमी निघाली. आपल्याकडचे गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रियांचे पेव पाहता ‘पुन्हा खाली बसा’ असा सरसकट सल्ला देणे बेजबाबदारपणाचे होईल. पण बीजिंगच्या अभ्यासात धोका तासन्‌तास बसून राहण्याशी जोडलेला आहे. बसून राहणे आणि बसून उठणे या गुडघ्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओटागोच्या कार्यक्रमातही कुणाला पूर्ण उकिडवे बसवलेले नाही. गुडघा जेवढा सोसेल तेवढा वाकवायचा, आधाराला ओटा धरायचा, आणि हळूहळू आधार सोडायचा. गुडघे गेलेल्या माणसासाठी कमोड ही कृपाच आहे. ज्याचे गुडघे पन्नाशीत ठणठणीत आहेत त्यानेही त्याच दिवसापासून जमीन सोडावी, हे मात्र त्यातून निघत नाही, आणि व्यवहारात आपण नेमके तेच करतो.

जमिनीवरच्या आयुष्यात बायकांची पिळवणूक होती, हाही आक्षेप खोडण्यासारखा नाही. धुरात चुलीपुढे उकिडवे बसलेल्या सुनेला तोलाचा सराव होत होता असे म्हणणे निर्दयपणाचे वाटेल. ओटा ही त्या बाईची सुटका होती आणि ती परत घ्यावी असे कुणी शहाणा म्हणणार नाही. मात्र कष्टाखेरीज खेळातही हीच हालचाल होती. मंगळागौरीत बसफुगडी घालताना बाई उकिडवी बसून एक पाय पुढे टाकते, तो आत घेता घेता दुसरा पुढे फेकते, आणि हे तालावर, समोरचीकडे बघून हसत. पिंग्यात कमरेत वाकून गिरक्या. पुरुषांकडे आखाडा होता, दंड-बैठका होत्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार हे आपले जीवितकार्यच मानले; त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, शाळांत तो सुरू केला, आणि १९३६ मध्ये विलायतेला गेले तेव्हा तिथेही त्याचाच पुरस्कार केला. किर्लोस्करवाडी याच औंध संस्थानात होती, म्हणजे एकाच राज्यात एकीकडे लोखंडी खुर्च्या घडत होत्या आणि दुसरीकडे राजा प्रजेला जमिनीवर लोटांगण घालायला सांगत होता. घर जर पुरेसे होते तर राजाला एवढा खटाटोप का करावा लागला, असे कुणी विचारील. कारण त्याच्यासमोर कचेरीत दिवसभर बसणारा कारकून आणि बाकावर बसणारा विद्यार्थी होता. जमीन ज्याच्यापासून सुटायला लागली होती असा पहिला वर्ग. पण त्या सगळ्या चळवळीचा रोख तरुणांवर होता. १९१४ चे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असो की बडोद्याहून निघालेला मुजुमदारांचा दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’, बलोपासना राष्ट्र उभे करण्यासाठी होती. म्हाताऱ्याने दंड काढावेत असे कुणाला वाटले नाही, कारण तो पाटावरून रोज उठत होता. पुढे पाट गेला आणि त्याच्यासाठी आखाड्यातही जागा झालेली नव्हती.

‘मग टेबले फेकून द्यायची का?’ असा शेवटचा चिमटा येईल. नाही. वयाचा प्रश्न आधी सोडवू. पंच्याहत्तरीत पहिल्यांदा जमिनीवर बसायला जाणे धोक्याचे आहे. ज्याची उठबस चाळिशी-पन्नाशीत सुटलेली नाही त्याच्याच अंगात ती सत्तरीत शिल्लक असते. ब्राझीलच्या क्लाउदिओ आराउझो यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि हात, गुडघा टेकला की गुण कापले. कमी गुण मिळालेल्यांत पुढच्या सहाएक वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. यावरून उठबशीने आयुष्य वाढते असा अर्थ लावू नये, कारण आजारी माणसाला उठणे जड जातेच. पण ही शक्ती पन्नाशीतच काहींच्या हातून निसटलेली असते एवढे त्यातून नक्की दिसते. त्या वयात जेवण टेबलावर आणि वर्तमानपत्र सतरंजीवर, एवढी वाटणी कुणालाही जमण्यासारखी आहे. गुडघेदुखी, चक्कर किंवा आधी पडल्याचा इतिहास असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून, आणि भिंतीजवळ.

शिवाय पडणे टाळणे ही अर्धीच बाजू आहे. टिनेटी यांनी १९९३ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: पडून काहीही इजा न झालेल्या ३१३ वृद्धांपैकी १४८ जणांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आले नव्हते. हाड शाबूत, आणि तरी माणूस फरशीवर मदतीची वाट पाहत पडलेला. असे तासन्‌तास पडून राहण्याने अंगावर जखमा होतात, शरीर सुकते, आणि पुढे चालण्याची धास्ती बसते. म्हणून वृद्धांना उठण्याची रीत मुद्दाम शिकवली जाते: आधी श्वास स्थिरावू द्यायचा, कुशीवर वळायचे, कोपर टेकून हात-गुडघ्यांवर यायचे, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचे, खुर्चीवर दोन्ही हात ठेवायचे, ज्या पायात जास्त जोर त्याचे पाऊल पुढे रोवायचे, गुडघ्यावर भार देऊन वर यायचे आणि लगेच चालू न लागता बसायचे. फिजिओथेरपिस्ट ही रीत उलट्या क्रमाने, एकेक पायरी जोडत शिकवतात, म्हणजे आधी खुर्ची आणि सर्वांत शेवटी जमीन. पाटावर वाढलेल्या पिढीला यातली निम्मी वाट आधीच पाठ असते. टेबलावर वाढलेली पिढी आता साठीत येते आहे आणि तिला ती पहिल्यापासून शिकावी लागेल.